"आता रेडिओ कोण ऐकतं?" कोल्हापूरच्या एका फर्निचरवाल्या भावाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजारामपुरीत वडिलांनी टाकलेलं फर्निचर आणि गाद्यांचं दुकान, आता मुलगा बघतो, महिन्याला साधारण पन्नास हजार फेसबुक-इन्स्टा-गुगलवर जातात, दिवाळीपासून रेडिओचा सेल्सवाला मागं लागलाय आणि धाकटा भाऊ म्हणतो "आता रेडिओ कोण ऐकतं, पैसे पाण्यात". तर रेडिओ करावा का, आणि केला तर कसा.

पहिलंच सांगून टाकतो, मी रेडिओची भाकरी खाल्लेली आहे. २००२ ला एका जाहिरात एजन्सीत चिकटलो तेव्हा आकाशवाणीच्या जाहिरातींच्या टेप बगलेत मारून एसटीनं पुण्याला न्यायचं काम माझ्याकडं होतं, मग फेज टू मध्ये (सरकारनं एफएमचे परवाने वाटले त्याच्या दुसऱ्या टप्प्यात) आपल्याकडं प्रायव्हेट एफएम आलं तसा तिकडं गेलो, सेल्स केलं, कॉपी लिहिली, स्वतःचा आवाजही दिला (गरीब क्लायंट होता म्हणून). आता कुणाच्याच पगारावर नाही. तरी माणूस ज्या ताटात जेवला त्याच्या बाजूनं थोडा झुकतोच, तेवढं वजा करून वाचा.

तुमच्या भावाचा प्रश्न चुकीचा नाही, पण तो प्रश्न नेहमी स्वतः न ऐकणारा माणूसच विचारतो. तो पंचविशीचा असणार, कानात इअरबड, गाडीत ब्लूटूथ, त्याच्या पुरतं त्याचं बरोबर आहे. पण डबल बेड तो विकत घेणार आहे का? म्हणजे घेईल, लग्न ठरलं की, पण तेव्हाही पैसे वडील देणार आणि पसंती आई करणार. तुम्ही एक करा, उद्या सकाळी साडेदहाला दुकान उघडून पोरांवर सोपवा आणि चालत उद्यमनगरात जा, तिथल्या वर्कशॉपातनं एक चक्कर मारा, मग रिक्षा पकडून गुजरीत या, दागिने घडवणारे कारागीर मान खाली घालून बसलेले असतात, एका हातात चिमटा, तोंडात फुंकणी, तिथून चप्पल लाईन, वाटेत एखादं टेलरचं दुकान, एखादं पार्लर, आणि प्रत्येक ठिकाणी फक्त एवढंच बघा की काय वाजतंय. सगळीकडं रेडिओ नसणार, हे आधीच सांगतो, बऱ्याच ठिकाणी आता मोबाईलवर यूट्यूबची गाणी स्पीकरला जोडलेली असतात. पण जिथं हात गुंतलेत आणि डोळे कामावर आहेत, तिथं दर पाच मिनिटांनी गाणं बदलायला कुणाला वेळ नसतो, तिथं अजून रेडिओ लावून सोडून देतात. सकाळी सुरू केला की रात्री शटरबरोबर बंद. असे किती सापडतात ते वहीत लिहा, मग भावाशी भांडा. माझ्या आकड्यापेक्षा तुमचा आकडा तुम्हाला जास्त पटेल.

आणि हो, रिक्षा. रिक्षावाल्याचा रेडिओ एकटा रिक्षावाला ऐकत नाही, दिवसभरात त्याच्या मागं जेवढे बसतात तेवढे सगळे ऐकतात, नको असला तरी.

आता मुद्द्याचं. फेसबुक-गुगलची जाहिरात आणि रेडिओची जाहिरात ही दोन वेगळी कामं करतात आणि लोक एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला बघतात, इथं सगळा घोळ होतो. गुगलवर "सोफा सेट कोल्हापूर" टाकणारा माणूस आधीच खरेदीला निघालेला आहे, त्याला फक्त कुणाकडं जायचं ते ठरवायचंय, तिथं तुम्ही दिसलाच पाहिजे, ते पैसे बंद करू नका. पण फर्निचर माणूस आठ-दहा वर्षांतून एकदा घेतो. आज तुमचा रील बघणाऱ्या शंभरातल्या बहुतेकांना आज पलंग नकोच आहे. ते अंगठा वर सरकवतात आणि मोकळे होतात. त्यांना पलंग लागेल पुढच्या मे महिन्यात, पोरीचं लग्न ठरल्यावर, आणि त्या दिवशी घरात बसल्या बसल्या पहिलं नाव कुठलं तोंडात येतं, सगळा धंदा तिथं आहे. ते नाव आधीच डोक्यात बसवून ठेवायचं काम रेडिओ स्वस्तात करतो, कारण तो त्या माणसाकडं काहीच मागत नाही, थांब म्हणत नाही, बघ म्हणत नाही, भाजी निवडता निवडता कानावर पडत राहतो.

एक प्रत्यक्ष बघितलेलं सांगतो. एक टाईल्सवाले होते, नाव नाही सांगत, दुकानाचं नाव इंग्रजी होतं, अवघड स्पेलिंगचं, मालकांनी हौसेनं ठेवलेलं. रेडिओ सुरू करून तीन आठवडे झाले आणि मालक फोनवर म्हणाले, "अहो, एक माणूस रेडिओ ऐकून आलो असं म्हणाला नाही, बंद करू का?" मी म्हटलं थांबा, आणि त्यांच्या मुलाला घेऊन त्यांचं गुगल बिझनेस प्रोफाइल उघडलं, तिथं लोक काय टाईप करून तुमच्यापर्यंत आले ते दिसतं. त्यात त्यांच्या नावाची चार-पाच वेगवेगळी स्पेलिंगं होती, सगळी चुकीची, आणि सगळी बरोबर तशीच जशी ते नाव कानाला ऐकू येतं. बोर्ड वाचलेला माणूस असं स्पेलिंग करत नाही, फेसबुकवर बघितलेला तर नाहीच नाही. ते कानातून आलेले लोक होते. दुकानात आल्यावर "कुठून कळलं" विचारलं की तेच लोक म्हणायचे "गुगलवर बघितलं". म्हणजे हजेरी लागली गुगलची, आमंत्रण गेलं होतं रेडिओनं. तेव्हापासून मी क्लायंटला पहिलं हेच विचारतो की तुमचं नाव नुसतं ऐकून माणसाला टाईप करता येतं का. नसेल येत तर रेडिओवर जायच्या आधी मराठीत सांगता येईल अशी एक खूण जोडा.

हे काही आजचं नाही. १९५२ च्या सुमारास आपले मराठी मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली, तर लोकांनी सुई फिरवली रेडिओ सिलोनवर आणि एका टूथपेस्ट कंपनीनं बरोब्बर तिथं जाऊन अमीन सायानींचा कार्यक्रम उभा केला, बिनाका गीतमाला. म्हणजे जाहिरातवाल्यानं सरकारशी वाद घातला नाही, कान जिकडं गेले तिकडं तो गेला. मग पंधरा वर्षांनी सरकारलाही शहाणपण आलं आणि १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्यासुद्धा पहिल्यांदा मुंबई, पुणे आणि नागपूर, तिन्ही आपल्याच महाराष्ट्रात. आमच्या घरी माझ्या आईला विको वज्रदंतीचं गाणं अजून पाठ आहे आणि ती आयुष्यभर दुसरीच पेस्ट वापरते, त्यामुळं जिंगल लक्षात राहणं म्हणजे माल खपणं नव्हे हेही आमच्याच घरात सिद्ध झालंय :)

आता रेडिओची वाईट बाजू, कारण सेल्सवाला ही सांगणार नाही.

एक, मोजमाप. रेडिओ किती लोक ऐकतात ते मोजणारी रॅम नावाची पद्धत होती, लोकांना डायरी देऊन भरून घ्यायचे, ती मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, कोलकाता या चार शहरांपुरती. कोल्हापूरचं तसं रोजचं मोजमाप नाही. तरी तुम्ही तीन स्टेशनच्या माणसांना बोलवा, तिघंही लॅपटॉप उघडून दाखवतील की कोल्हापुरात आम्हीच नंबर वन, कुणी सकाळच्या शोमध्ये नंबर वन, कुणी महिलांमध्ये, कुणी "एसईसी ए बी" मध्ये, म्हणजे वरच्या आर्थिक गटातल्या घरांत. मीही अशा स्लाईड केल्यात, त्यामुळं मला माहीत आहे त्या कशा होतात. त्याकडं दुर्लक्ष करा आणि वर सांगितलेली वही घेऊन फिरा, गिऱ्हाईकाला बिल करताना सहज विचारा की गाडीत कुठलं स्टेशन लावता.

दोन, मोबाईल. पूर्वी साध्या फोनमध्येही एफएम असायचं, आता महागड्या फोनला हेडफोनचं भोकच नाही आणि ती वायरच अँटेना असते, त्यामुळं मोबाईलवरचा श्रोता गळाला. केंद्रानं २०२३ मध्ये कंपन्यांना सांगितलं की फोनमधलं एफएम बंद करू नका, पण सांगितल्यानं भोक परत येत नाही. उरलेला भरवशाचा श्रोता म्हणजे गाडी, दुकान, वर्कशॉप आणि स्वयंपाकघर. नशिबानं फर्निचर घेणारं घर यातच कुठंतरी बसतं.

तीन, गर्दी. दसरा-दिवाळीत एका ब्रेकमध्ये लागोपाठ सहा-सात जाहिराती, त्यातल्या तीन सोन्याच्या, दोन बिल्डरच्या, सगळ्यांचा आवाज एकच (खरंच एकच, शहरात व्हॉइस ओव्हर करणारे चांगले लोक मोजकेच), सगळ्यांना "भव्य" आणि "धमाका". त्यात तुमचा सातवा नंबर लागला की बोंब. सणाच्या ऐन आठवड्यात छोट्या बजेटवाल्यानं रेडिओवर उतरू नये हे माझं स्पष्ट मत, दोन-तीन आठवडे आधी उतरा, तेव्हा ब्रेक रिकामे असतात आणि दरही हलतो.

लोक मला विचारतात रेडिओ मरतोय का. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं २३४ नव्या शहरांत मिळून ७३० चॅनेलच्या लिलावाला मंजुरी दिली, ते ऐकून आमच्या जुन्या ग्रुपवर लोकांनी पेढ्यांचे इमोजी टाकले. मंजुरी म्हणजे बोली नव्हे, एवढं मी तिथं लिहिलं आणि शिव्या खाल्ल्या. रेडिओ पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही, हे मान्य करूनच पुढं बोलू. तुम्हाला रेडिओ देशात किती मोठा आहे याच्याशी काय करायचंय, तुमचं गिऱ्हाईक कागल, इचलकरंजी, जयसिंगपूर, फार तर निपाणीपर्यंतचं. एफएमचा टापूही जवळजवळ तेवढाच, डोंगर आडवा आला की आवाज खरखरतो, गगनबावड्याकडं तर निघाला की थोड्या वेळात संपला. टीव्ही घेतला तर अख्ख्या महाराष्ट्राला तुमचा पलंग दाखवायचे पैसे भरावे लागतील. एफएमचं हे लंगडेपण तुमच्यासारख्याच्या पथ्यावर पडतं.

आणखी एक गोष्ट जिच्याकडं कुणी बघत नाही. प्रायव्हेट एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, आकाशवाणीचं बुलेटिन आहे तसं लावता येतं तेवढंच. मग आरजे, म्हणजे रेडिओवरचा निवेदक, दिवसभर बोलणार काय? ट्रॅफिक, पाऊस, परीक्षा, ई वॉर्डात उद्या पाणी येणार नाही, रंकाळ्यावर गर्दी आहे, तावडे हॉटेलपाशी ट्रक बंद पडलाय. म्हणजे सरकारी नियमामुळंच का होईना, तो माणूस रोज चार तास फक्त आपल्या गावाबद्दल बोलतो. इन्स्टावर तुमच्या रीलच्या खाली कुठल्यातरी दुबईच्या हॉटेलचा रील येतो, इथं तुमच्या जाहिरातीच्या आधी तुमच्याच वॉर्डाच्या पाण्याची बातमी, सॉरी, बातमी म्हणायचं नाही, "माहिती" असते. २०१९ च्या महापुरात हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही, फोन चार्ज करायची सोय नाही, तेव्हा लोक सेलवर चालणारे जुने ट्रान्झिस्टर माळ्यावरून काढून बसले होते, आणि आमचा आरजे, जो एरवी फालतू विनोद करायचा, तो दोन-तीन दिवस नुसता कुठल्या रस्त्यावर पाणी किती आहे ते सांगत होता. त्यानंतर त्या पोरानं हवेवर एखाद्या दुकानाचं नाव घेतलं की लोक ते ऐकायचे. ही पत विकत घेता येत नाही, भाड्यानं मात्र मिळते, त्याला आरजे मेन्शन म्हणतात आणि साध्या स्पॉटपेक्षा (रेकॉर्ड करून वाजवलेल्या जाहिरातीपेक्षा) ते महाग असतं. मी तर म्हणेन बजेट कमी असेल तर स्पॉट थोडे कमी करा पण आठवड्याला तीन-चार मेन्शन घ्या, फक्त एक अट, आरजेला लिहून दिलेलं वाचायला लावू नका, त्याला एकदा दुकानात बोलवा, गादीवर झोपू द्या, चहा पाजा, मग तो स्वतःच्या भाषेत जे बोलेल ते बोलू द्या.

पैशाचं गणित. दर नेहमी १० सेकंदावर असतो. समजा तुम्हाला १५० रुपये दर मिळाला (हा नुसता हिशेबासाठी धरलाय, तुमचा दर तुम्ही घासाघीस करून काढा), २० सेकंदांचा स्पॉट म्हणजे ३०० रुपये, दिवसाला १० स्पॉट, १५ दिवस, झाले १५० स्पॉट, ४५ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५३ हजार १००. आता याच पैशात सेल्सवाला म्हणेल की साहेब, महिनाभर पसरवू, रोज पाच वाजतील. अजिबात नाही म्हणा. रोज पाच स्पॉट दिवसभरात पसरले की एका माणसाच्या कानावर आठवड्यातून एखादा पडला तर पडला, आणि एकदा ऐकलेली जाहिरात ऐकलेली नसतेच. कमी दिवस पण दाट. पंधरा दिवस रोज दहा, तेही सगळे सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते नऊ यातच टाकायचे, मग एक महिना गॅप, मग परत. "दिवसभरात कुठेही" असा दर स्वस्त मिळतो कारण ते तुम्हाला दुपारी तीनला टाकतात. खरं तर दुपारी तीनला कारखान्यात, पार्लरमध्ये ऐकणारे असतात, ती वेळ टाकाऊ नाही, पण तुम्ही सकाळचा दर देऊन दुपार घेऊ नका.

वेळेवरून आठवलं. एका स्टेशनवर (नाव सोडा) माझ्या एका क्लायंटचा महिनाभराचा प्लॅन होता, मिठाईचं दुकान, मालकांची आई ऐंशीची, दिवसभर रेडिओ उशाशी. महिना संपल्यावर स्टेशनकडून ब्रॉडकास्ट सर्टिफिकेट आलं, म्हणजे कुठल्या दिवशी किती वाजता तुमचा स्पॉट वाजला त्याची यादी, त्यात सगळं छान, सकाळी ८:१२, ८:४७, ९:२०. आजी म्हणाल्या, "सकाळी कुठं वाजतंय आपलं? मला तर झोपताना ऐकू येतंय." झालं, मालक माझ्या अंगावर. आम्ही पुढचे दोन दिवस फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवलं आणि आजी बरोबर निघाल्या, बरेच स्पॉट रात्री अकराच्या पुढं ढकललेले. भांडून भरपाई मिळाली, दुप्पट स्पॉट, पण सीझन गेला तो गेला. म्हणून रिलीज ऑर्डरवर (स्टेशनला जाहिरात वाजवायची जी लेखी ऑर्डर देतो तिच्यावर) वेळेचा पट्टा लिहून घ्या, "चुकलेला स्पॉट त्याच पट्ट्यात परत" असं एक वाक्य टाका, आणि घरात कुणी आजी-आजोबा असतील तर त्यांना कामाला लावा, त्यांच्याइतकं प्रामाणिक ऑडिट कुठलीच एजन्सी करत नाही.

आता तुम्ही पाठवलेली स्क्रिप्ट. रागावू नका. तुम्ही लिहिलंय: "आपल्या स्वप्नातील घराला द्या एक नवी ओळख! भव्य शोरूम, असंख्य व्हरायटी, आकर्षक ऑफर्स, सुलभ हप्ते, झिरो डाऊन पेमेंट, फ्री होम डिलिव्हरी, तर वाट कसली पाहताय, आजच भेट द्या", मग नाव, मग शॉप नंबर चार-पाच, अमुक कॉम्प्लेक्स, तमुक बँकेच्या वर, मग दोन मोबाईल नंबर. मी हे मोबाईलचं घड्याळ लावून मोठ्यानं वाचलं, ३८ सेकंद लागले, आणि तुम्हाला घ्यायचाय २० सेकंदांचा स्पॉट. स्टुडिओत काय होतं माहीत आहे का, व्हॉइस ओव्हरवाला ते धापा टाकत वाचतो, मग एडिटर श्वास कापतो, आणि हवेवर ते असं ऐकू येतं की जणू मागं कुत्रं लागलंय. मराठीत वीस सेकंदात चाळीस-पंचेचाळीस शब्द बसतात, आवाज आणि थांबा धरले तर पस्तीसच. त्यात एकच गोष्ट सांगता येते. तुमच्याकडं सांगण्यासारखं काय आहे? तुम्हीच प्रश्नात खाली सहज लिहून गेलाय की वडील स्वतः सुतार होते आणि अजून प्रत्येक पलंग दुकानातून जायच्या आधी त्यावर बसून हलवून बघतात. अहो, हे सोनं तुम्ही खाली ठेवलंय आणि वर "असंख्य व्हरायटी" लिहिलंय!

मी असं काहीतरी करीन (यातले अण्णा म्हणजे तुमचे वडील):

(पलंग करकरतो)
आजी: कोण आलं रं?
नातू: कोण नाही आजी, कूस बदलली.
(परत करकर)
आजी: आता कोण गेलं?
नातू: आजी, पलंग हाय!
आवाज: आमच्या दुकानातला पलंग आधी अण्णा स्वतः हलवून बघतात. करकरला, तर दुकानातच राहतो. (नाव). राजारामपुरी, आठवी गल्ली, पिवळा बोर्ड.

बस. गल्लीचा आकडा मी अंदाजे टाकलाय, तुमचा खरा टाका. यात ऑफर नाही, हप्ता नाही, झिरो डाऊन पेमेंट नाही, आणि तुम्हाला ते खुपणार मला माहीत आहे, पण ते सगळं तुमच्या इन्स्टावर आहेच ना, तिथं डोळ्यानं वाचता येतं, तिथंच राहू द्या. करकर हा आवाज मात्र इन्स्टापेक्षा रेडिओवर जास्त चालतो, कारण चित्र ऐकणारा स्वतःच्या घरातल्या पलंगाचं काढतो. रात्री तो झोपायला गेला आणि पलंग खरंच करकरला की तुमची जाहिरात परत एकदा फुकट वाजली. बजेट असेल तर शेवटचा "आवाज" अण्णांचाच घ्या, "मी स्वतः हलवून बघतो" म्हणू द्या, अडखळले तरी चालेल, अडखळलेलं जास्त चांगलं. आणि सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर जिंगल करून देतो असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा, चालीचेही हक्क असतात, नोटीस आली की ती तुमच्या नावानं येते, त्याच्या नाही.

मोबाईल नंबर काढून टाका. दहा आकडे गाडी चालवणारा माणूस कुठं लिहून घेणार, तुम्ही एकदा म्हणालात तरी पाच सेकंद गेले, म्हणजे तुमच्या पैशातला पाव हिस्सा एका गोष्टीवर जी कुणाच्याच लक्षात राहत नाही. पूर्वी मिस्ड कॉल नंबर देत असू, सगळे आकडे सारखे असलेला घ्यायला जास्तीचे पैसे मोजायचे, आता त्याचीही गरज नाही, नाव सांगा आणि पिवळा बोर्ड सांगा, बाकी गुगल मॅप बघून घेईल. त्यासाठी मॅपवर तुमचं नाव देवनागरीतही दिसतंय ना आणि फोटोत तो पिवळा बोर्ड आहे ना ते आधी बघा. (बोर्ड पिवळा नसेल तर रंगवा, रेडिओच्या बिलापेक्षा स्वस्त पडेल.)

हल्ली स्टेशनवाले पॅकेज देतात, स्पॉट अधिक आरजेच्या इन्स्टावर दोन रील. वाईट नाही, पण आरजेचे लाख फॉलोअर ऐकून हुरळू नका, त्याला सांगा तुझ्या अकाउंटचा शहरवार आकडा दाखव, ते त्याच्या फोनमध्ये असतं. मी एकदा बघितलं तर आपल्या एका लाडक्या आरजेच्या फॉलोअरमध्ये कोल्हापूरपेक्षा पुण्याचे जास्त, आपलीच पोरं नोकरीला गेलेली, ती तिकडं बसून गावची भाषा ऐकतात. त्यांना तुमचा पलंग विकायचा तर ट्रक लागेल. त्यांचे आईवडील मात्र इथंच असतात, तेव्हा अगदी वायाही नाही, पण दर लाख फॉलोअरचा देऊ नका.

परिणाम कसा बघायचा ते सांगतो, कारण भाऊ विचारणारच. रेडिओ सुरू करायच्या आधीचे पंधरा दिवस आणि सुरू असतानाचे पंधरा दिवस, गुगल प्रोफाइलमधून दोन आकडे काढा: फोन किती, रस्ता विचारलेला किती. नावानं शोधलेलं किती ते तिथं महिन्याच्या हिशेबानं दिसतं, ते महिन्याशी महिना ताडून बघा. त्या काळात फेसबुकची रक्कम हलवू नका, नाहीतर काय कशानं झालं कळायचं नाही. आणि काउंटरवर वही ठेवा, पण "कुठून कळलं" असं विचारू नका, लोक काहीही सांगतात, वर टाईल्सवाल्याचं सांगितलंच. त्याऐवजी बघा की कुणी आपणहून "तो करकरवाला पलंग" किंवा "अण्णा कुठं आहेत" म्हणतंय का. म्हटलं की एक रेघ. पंधरा दिवसात रेघा किती आणि त्यातले बिल किती, एवढा हिशेब पुरे. रेघाच नसतील तर दुसरा राऊंड करू नका, सेल्सवाला कितीही "सर ब्रँड बिल्डिंग" म्हणाला तरी.

कुणी करू नये तेही सांगतो. ज्याचं गिऱ्हाईक फॅक्टऱ्या आहेत, ज्याचा माल कुरिअरनं देशभर जातो, ज्याला फक्त कॉलेजची पोरं पाहिजेत, किंवा ज्याच्याकडं सगळं मिळून दहा-बारा हजार आहेत, यांनी रेडिओच्या नादी लागू नये, शेवटचा तर अजिबातच नाही, त्यानं रिक्षाच्या मागं फ्लेक्स लावावा. तुम्ही यातले नाही. माझं म्हणणं, तुमच्या पन्नासातले वीस हजार दर महिन्याला बाजूला टाका, तीन महिन्यांत साठ जमतील, आणि लग्नसराई तापायच्या आधी, म्हणजे गुढीपाडव्याच्या पंधरा-वीस दिवस आधी, एक दाट राऊंड मारा. गुगलचे पैसे तसेच ठेवा, कापायचे तर इन्स्टावर पोस्ट बूस्ट करण्यातले कापा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, दुकानाची साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी असते. त्या दिवशी सकाळचे स्पॉट ठेवू नका, माणूस ऐकून आला आणि शटर बंद दिसलं की तो शेजारच्या दुकानात जातो. ते स्पॉट शनिवार संध्याकाळवर टाकून घ्या, बहुतेक स्टेशनं त्याचे वेगळे पैसे मागत नाहीत, मागितले तर मला कळवा, मी बोलतो.